मेलेली धार

भीमा नदी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून वाहते. उत्तरेचा काठ शिरूरचा, दक्षिणेचा दौंडचा. शाळेच्या नकाशात ती निळी रेघ असते आणि तिच्यावरच तालुक्याच्या हद्दीचे ठिपके दिलेले असतात. मुलांना वाटतं, नदी हीच हद्द, मग त्यात भांडायचं काय? पण नदी नकाशातल्यासारखी एका जागी बसत नाही. मोठा पूर आला की ती एक काठ कातरते, दुसरीकडे गाळ टाकते आणि उतरताना वेगळीच वाट धरते.

मांडवगण फराट्याच्या खालच्या अंगाला, शिरूरच्या काठावर वरपेवाडी आहे. तिच्या बरोबर समोर दौंडच्या काठावर कोळपेवस्ती. या दोघांच्या मध्ये नदीने अशीच एक जमीन टाकून दिली होती. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, काळ्या गाळाची. तिला मळई म्हणत. मळईच्या वरपेवाडीकडच्या अंगाने नदीची मोठी धार वाहायची. कोळपेवस्तीकडूनही पूर्वी एक धार होती, पण ती आटून गेली होती. पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरे, दिवाळीनंतर नुसती वाळू आणि मधूनमधून डबकी उरत. तिला दोन्हीकडचे लोक मेलेली धार म्हणत.

कोळपेवस्तीतली माणसं धनगर. त्यांचे आजे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. नातवंडांनी विहिरी खणल्या, ऊस लावला, विटांची घरं बांधली आणि मेंढरं एकेक करून विकली. गिताबाईने मात्र आपला कळप ठेवला. तिचा नवरा ज्योतिबा म्हणायचा, "हिला लेकरांपरीस मेंढरं जादा." त्यावर ती म्हणायची, "लेकरं भाकरी मागत्यात. मेंढरं निस्ती वाट मागत्यात."

ती वाट मळईची होती. उन्हाळ्यात सगळं शिवार करपलं तरी मळईवर हिरवळ टिकायची. गिताबाई सकाळी मेलेल्या धारेतून मेंढरं पलीकडे घालायची आणि दिवस मावळताना माघारी आणायची. कडेच्या वाळूत ज्योतिबा कलिंगडं लावायचा. कलिंगडांचं काही नव्हतं, झाली तर झाली. पण मळई गेली तर कळप ठेवायला दुसरी जागा नव्हती, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

मळई कुणाची हे ठरवायची दोन्ही काठांची एक जुनी रीत होती. दसरा होऊन पाणी निवळलं की वरच्या वळणावर नदीत एक तुंबा सोडायचा. तुंबा म्हणजे वाळवलेला पोकळ भोपळा, पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात तोच. नदीची खरी धार जिकडून असेल तिकडून तो जातो. तुंबा गेला ती त्या वर्षाची हद्द. तिच्या अलीकडचं सगळं अलीकडच्यांचं, पलीकडचं पलीकडच्यांचं. लोक दोन्ही काठांनी त्याच्याबरोबर चालत जात. कुणी त्याला हात लावायचा नाही, खडा मारायचा नाही. कोळपे मंडळी खंडोबाचा भंडारा उचलून हे कबूल करत. भंडारा म्हणजे देवाची हळद. ती कपाळाला लावून दिलेला शब्द धनगर मोडत नाही.

पुढे खालच्या अंगाला बंधारा झाला. पाणी अडायला लागलं, दोन्हीकडे मोटारी बसल्या, उसाच्या नादात तुंबा सोडायचं राहून गेलं. मळई ज्योतिबाकडे आहे म्हणून कुणाची तक्रारही नव्हती.

तक्रार आली ती वाळूमुळे. पुण्यात नव्या इमारती उठू लागल्या आणि नदीतल्या वाळूला गिऱ्हाईक आलं. वरपेवाडीचे आनंदराव पुढारी माणूस. सरपंच तेच आणि बंधाऱ्यावरच्या पाणी संस्थेचे चेअरमनही तेच. ते एके दिवशी मळईवर ट्रॅक्टर घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सरकारी नकाशात हद्द दौंडच्या काठाला चिकटून हाय. नदी पुरती शिरूरची. मळई बी शिरूरची."

ज्योतिबाचा धाकटा मुलगा रुद्र काठी घेऊन धावला. त्या गडबडीत ट्रॅक्टर मागे घेताना एका मेंढ्याचा पाय चाकाखाली मोडला. तेवढ्यावर ते त्या दिवशी थांबलं, पण मिटलं नाही.

दिवाळीला थोरला मुलगा मल्हार रजेवर आला. तो सीमा सुरक्षा दलात होता, आणि त्याची नेमणूक कच्छच्या टोकाला सर क्रीकवर होती. क्रीक म्हणजे खाडी. कारगिलची लढाई होऊन वर्ष झालं होतं, गावोगाव फौजींचे सत्कार चालले होते. मल्हारचा सत्कार वरपेवाडीच्या शाळेने ठेवला, कारण चौथीपर्यंत तो तिथेच शिकला होता. तेव्हा कोळपेवस्तीची पोरं गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडायची.

आनंदरावांनीच त्याला शाल घातली, नारळ दिला. मग सुषमाबाई, शाळेच्या बाई, म्हणाल्या, "मल्हार, भाषण नको. पोरांना तुझी खाडी फळ्यावर काढून दाखव."

मल्हारने खडू घेतला. दोन वाकड्या रेघा काढल्या. "ही खाडी. हिच्या पूर्वेला आपण, पश्चिमेला पाकिस्तान. ही नदी नाही. समुद्राचं पाणी हिच्यात आत येतं आणि माघारी जातं. आलं की सगळं भरतं, गेलं की चिखल उघडा पडतो. आपण म्हणतो, हद्द खाडीच्या मधोमध, जिथं खोल धार आहे तिथून. ते म्हणतात, हद्द आपल्या काठाला लागून. म्हणजे सगळी खाडी त्यांची."

"असं कसं?" मागून एक पोरगा ओरडला.

"असंच तर भांडण आहे."

"वा रे वा!" आनंदराव खुर्चीतून म्हणाले. "काठाला लागून म्हनं! निम्मं पानी तरी आपलं का न्हाई? फौजी, एक बोट सोडू नगा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रांगेत वैष्णवी बसली होती, आनंदरावांची नात. तिने हात वर केला. "पण काका, धार पाण्याखाली असती. मग ती कुठंय हे कळतं कसं?"

मल्हारला प्रश्न फार आवडला. तो फळ्यापासून पुढे येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला. "शाबास. ओहोटीला बघायचं. पाणी माघारी निघालं की ते खोल जागेतून पळतं. तेव्हा एखादं लाकूड टाकलं तर ते बरोबर धारेनं जातं. पण भरती पुरी झाल्यावर टाकायचं नाही."

"का?"

"तेव्हा पाणी उभं असतं. उभ्या पाण्याला धार नसते. मग लाकूड वारा नेईल तिकडं जातं."

"म्हंजी पानी तुंबल्यालं असलं की धार कळत न्हाई म्हना की," आनंदराव म्हणाले.

"न्हाई कळत, आप्पा. वाराच खेळवतो."

आनंदरावांनी मान डोलावली. शिकणाऱ्या माणसाकडे बघून शिकवणाऱ्याला बरं वाटतं, तसं मल्हारला बरं वाटलं. त्याच भरात तो उठून म्हणाला, "आप्पा, खाडीत मधोमध, तर भीमेतबी मधोमध. मळईचं तेवढं मिटवा की पोरांच्या साक्षीनं."

सुषमाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. आनंदराव मात्र हसले.

"मी कवा न्हाई म्हनलं? आपली जुनी रीत हाय. तुंबा सोडू. जिकडनं जाईल तिकडनं हद्द. भाऊबीज झाली की येऊ समदी नदीवर. तुमचा भंडारा, आमचा शब्द. झालं?"

मल्हार शाल खांद्यावर टाकून घरी आला तो उड्या मारत.

घरी कुणी उड्या मारल्या नाहीत. रुद्र म्हणाला, "दादा, कोर्टात जाऊ. वकील बघून ठेवलाय मी दौंडात."

"कोर्टात म्हातारा होशील. हितं एका दिवसात मिटतंय."

ज्योतिबा तंबाखू मळत होता. "बंधारा झाल्यापास्नं नदी पहिल्यासारखी ऱ्हायली न्हाई, मल्हारबा."

"आबा, बंधाऱ्याचे ढापे अजून टाकल्यात कुठं? पानी वाहतंच हाय की. मोठी धार तिकडच्या काठानं चालली, आंधळ्याला बी दिसंल." ढापे म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या लोखंडी फळ्या. त्या दिवाळी होऊन बरेच दिवस गेल्यावर टाकत. त्या टाकल्या की पाणी अडतं.

गिताबाई चुलीपाशी बसली होती. तिने त्या शालीकडे पाहिलंही नाही. "ज्यानं तुला शाल घातली त्यानंच माझ्या मेंढ्याचा पाय मोडला."

"आई, त्यानं चारचौघांत कबूल केलंय. ल्हान पोरांसमोर. नातीसमोर. त्येच्यावर कुणी उलटत न्हाई."

"तू कच्छात कुणावर पहारा करतोस रे?" गिताबाई म्हणाली. "शब्द पाळनाऱ्यांवर?"

मल्हार हसला. आई त्याला अडाणी वाटली असं नाही, पण तिला दुखलं आहे म्हणून बोलते असं त्याला वाटलं. तो रात्री जेवताना, सकाळी आंघोळ करताना बापाला हेच सांगत राहिला. फौजेतल्या मुलाचं बोलणं बापाला टाळवलं नाही. दुसऱ्या दिवशी ज्योतिबाने काठावर दोन्हीकडच्या माणसांसमोर भंडारा उचलला. कपाळाला लावला आणि म्हणाला, "तुंबा जाईल ती हद्द. माझ्या घरातलं कुनी मोडनार न्हाई." आनंदरावांनी हात जोडले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोक नदीवर जमले. मल्हार तुंबा काखेत घेऊन सगळ्यांच्या आधी वळणावर पोहोचला आणि जागच्या जागी थांबला.

नदी भरली होती. कालपर्यंत उघडे दिसणारे खडक पाण्याखाली गेले होते. मळईच्या दोन्ही अंगांना सारखंच पाणी, काठोकाठ, हिरवट आणि गप्प. मेलेल्या धारेतही पाणी चढलं होतं. पाण्यावर पडलेलं बाभळीचं एक पान जागचं हलत नव्हतं.

"ढापे टाकले?" त्याने विचारलं.

"मागनी होती संस्थेची," आनंदराव म्हणाले. "ऊस वाळाय लागल्यात लोकांचे. तुमच्या वस्तीतल्या मोटारी बी चालू हायती की. इचारा त्यास्नी."

वस्तीतल्या दोघातिघांनी माना खाली घातल्या. त्यांच्या मोटारी खरंच चालू होत्या.

"आप्पा, पानी उभं हाय. आज तुंबा सोडून काय कळनार? मी शाळेत सांगितलं ना..."

"तू खाडीचं सांगितलंस." आनंदरावांचा आवाज अगदी मऊ होता. "खाडीतलं खाडीत. हितं काय ठरलं? तुंबा सोडायचा. वाहत्या पान्यात का उभ्या पान्यात, आसं कुनी बोललं व्हतं का? ज्योतिबा, तुमी बोलला व्हता?"

ज्योतिबाने नकारार्थी मान हलवली.

"मग ढापे काढा," रुद्र म्हणाला. "पानी जाऊ द्या, मग सोडू."

"भरलेलं पानी सोडून देऊ? तुज्या मेंढरांपायी?" वरपेवाडीकडचे लोक हसले.

मल्हार बापाजवळ गेला. "आबा, न्हाई म्हना. ही फसवनूक हाय. कुनी बी मान्य करनार न्हाई ही."

"मी भंडारा उचललाय."

"धारेसाठी उचललात! ही धार न्हाई."

"मी म्हनलो, तुंबा जाईल ती हद्द." ज्योतिबाने मुलाच्या काखेतून तुंबा काढून घेतला. "धारेचं मी काय बोललो न्हाई. तूच म्हनला व्हतास, धार आंधळ्याला बी दिसंल."

त्याने तुंबा पाण्यावर ठेवला.

तुंबा बराच वेळ तिथेच डुलत राहिला. मग उत्तरेचं वारं सुटलं. दिवाळीनंतर ते रोजच सुटतं, उन्हं वर यायच्या सुमाराला, शिरूरकडून दौंडकडे. वाऱ्याने तुंब्याला पाठीवर घेतलं. तो गोल फिरत, मधेच थांबत, हळूहळू दौंडच्या काठाकडे सरकू लागला. लोक काठाकाठाने त्याच्याबरोबर चालत होते, जुन्या रीतीप्रमाणे. मळईच्या टोकाशी येऊन तुंबा क्षणभर अडकला. तिथून तो मोठ्या धारेकडेही जाऊ शकला असता, मेलेल्या धारेकडेही. वारा पुन्हा आला आणि तुंबा मेलेल्या धारेत शिरला.

तेवढ्यात गिताबाई पाण्यात उतरली. लुगडं खोचलेलं नव्हतं, ते पाण्यावर पसरलं. ती कमरेएवढ्या पाण्यात पोहोचली. तुंबा तिच्या हाताच्या अंतरावर होता. एक टपली दिली असती तर तो मळईच्या पलीकडे गेला असता.

"गिते!" ज्योतिबा काठावरून ओरडला. "हात लावू नगं."

ती थांबली. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. सकाळी त्याने पुन्हा लावलेला भंडारा कपाळावर पिवळा दिसत होता. तुंबा तिच्या समोरून, कोपराला घासून, तिच्याच काठाच्या कडेने निघून गेला. ती तिथेच पाण्यात उभी राहिली. रुद्रने जाऊन तिला हाताला धरून बाहेर आणलं.

"झालं मग," आनंदराव म्हणाले. "कुनाचा काय दोष न्हाई. देवाचा कौल."

रजा संपेपर्यंत मल्हार तलाठ्याकडे गेला, तहसील कचेरीत गेला. सगळीकडे त्याला खुर्ची मिळाली आणि चहा मिळाला. फौजी माणूस. पण गावाने गावासमोर मिटवलेलं आम्ही कशाला उकरू, असंच सगळे म्हणाले. रुद्रचा वकील म्हणाला, तुमच्या वडिलांनी सगळ्यांदेखत कबूल केलं नसतं तर काहीतरी करता आलं असतं.

तो कच्छला परत गेला. वर्षभर खाडीत नाव घेऊन फिरला. भरती आली, ओहोटी गेली. ओहोटीला खोल धार चिखलातून चकाकत जायची आणि बरोबरचे शिपाई तिच्याकडे बोट दाखवून नव्या पोरांना सांगायचे, ती बघ आपली हद्द. मल्हार तेव्हा दुसरीकडे बघायचा.

पुढच्या दिवाळीला तो घरी आला तेव्हा गोठ्यात मेंढरं नव्हती. मळईवाचून त्यांचा उन्हाळा निघाला नव्हता. चैत्रात काही मेली, उरलेली गिताबाईने स्वतः बाजारात नेऊन व्यापाऱ्याच्या हातात दिली होती. घरी येऊन तिने गोठा झाडला होता, आणि अजूनही ती तो रोज झाडत होती.

मल्हार काठावर गेला. वर्षभर आनंदरावांच्या लोकांनी मेलेल्या धारेतली वाळू उपसली होती. तिच्या तोंडाशी खोल खड्डा झाला होता आणि पावसाळ्यात नदी त्या खड्ड्यात शिरली होती. ढापे अजून टाकायचे होते, पाणी वाहत होतं. मोठी धार आता वरपेवाडीकडे नव्हती. ती कोळपेवस्तीच्या काठाला घासून जोरात चालली होती आणि काठाची माती ढेकळाढेकळाने पाण्यात पडत होती. मळई पलीकडे राहिली होती, निम्मी खणलेली.

ज्योतिबा त्याच्यामागे येऊन उभा राहिला. "आता खोटं म्हनायची सोय ऱ्हायली न्हाई. धारच हितं आली."

"आली न्हाई, आबा. त्यांनी आनली."

"व्हय. आनली." म्हाताऱ्याने ढेकूळ पडताना पाहिलं. "पर हाय ना?"

खाडीवर मल्हारला हेच शिकवलं होतं, धार असेल तिथे हद्द. धार तिथे कशी आली हेही विचारायचं असतं, हे शिकवलं नव्हतं.

"रुद्र कुठंय?" त्याने विचारलं.

"ट्रॅक्टरवर," ज्योतिबा म्हणाला. "आनंदरावाच्या. बसून तरी काय करनार? ऊस तर कडंचा नदीनंच नेला."

सुषमाबाईंनी निरोप धाडला होता, पोरं तुझी आठवण काढतात, एकदा येऊन जा. तो गेला नाही. आजारी असल्याचं सांगून त्याने रजेचे दिवस घरात काढले. गिताबाई त्याच्याशी बोलायची, वाढायची, पण नदीचं नाव काढायची नाही. एकदाच म्हणाली, "तुजा दोष न्हाई. तुला खरंच वाटलं व्हतं." ती दोष देत असती तर बरं झालं असतं, असं मल्हारला वाटलं.

निघायच्या दिवशी तो वर्दी घालून बंधाऱ्यावर आला. दौंड स्टेशनला जाणारा रस्ता बंधाऱ्यापासून सुरू होतो. वाळूचा ट्रॅक्टर घेऊन रुद्र येणार होता, स्टेशनपर्यंत सोडणार होता. बंधाऱ्यावर माणसं ढापे टाकत होती आणि आनंदराव देखरेखीला उभे होते.

रुद्रचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीतली वाळू ओली होती, तिच्यातून पाणी गळत होतं. रुद्रने भावाकडे पाहिलं नाही. "बस," एवढंच म्हणाला. मल्हार बॅग घेऊन त्याच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर बसला.

"जय हिंद, फौजी!" आनंदराव मोठ्याने म्हणाले, आणि ढापे टाकणाऱ्या माणसांनी वर पाहिलं. "सांबाळा तिकडची हद्द. हितली आमी बगतो."

त्यांच्या बोलण्यात टोमणा होता का? मल्हारने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. नव्हता. ते मनापासून बोलत होते.

सगळे त्याच्याकडे बघत होते. अंगावर वर्दी होती. मल्हारचा हात कपाळाकडे गेला.

"जय हिंद, आप्पा," तो म्हणाला.

रुद्रने गिअर टाकला.